वलगण, एप्रिलातली

आईने स्वयंपाकघरातून हाक मारली ती पूर्ण नावाने. म्हणजे मामला गंभीर. मी गॅरेजमध्ये रॉड पुसून भिंतीला टेकवत होतो, तसाच ओल्या हाताने आत गेलो. सिंकपाशी ती पाठमोरी उभी, पदर खोचलेला, समोर वर्तमानपत्राऐवजी वॉलमार्टच्या दोन पिशव्या फाडून पसरलेल्या आणि त्यांवर सकाळी तळ्यातून आणलेले क्रॅपी मासे. रुपेरी, अंगभर काळ्या ठिपक्यांचे, तळहाताहून थोडे मोठे. त्यातल्या एकाचं पोट तिने उभं चिरलं होतं आणि दोन बोटांनी उघडून धरलं होतं. आत पिवळसर गाभोळीच्या दोन लांबट पिशव्या, इतक्या भरलेल्या की त्यांच्यावरच्या बारीक तांबड्या शिरा मोजता आल्या असत्या. "ही पोटुशी आहे रे," आई म्हणाली. "आणि ही पण. तीन काढल्या, तिन्ही भरलेल्या. तुमच्या ह्या देशात एवढे नियम, रस्ता ओलांडायला नियम, कचऱ्याच्या डब्याला नियम, आणि पोटुशी मासळी पकडायला कोणी काही बोलत नाही?" मी काहीतरी पुटपुटलो. तिने गाभोळी अलगद सोडवून वाटीत ठेवली, मीठ-हळद लावली. मी म्हटलं, "मग आता खाणार का तू ती?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की चाळिशी उलटलेला मी पुन्हा सातवीत गेलो. "मेलेली परत पाण्यात घालून येऊ का?"

गाभोळी तिने तव्यावर कुरकुरीत केली आणि आम्ही ती खाल्ली. छान झाली होती. पण प्रश्न काही पचला नाही.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, बेंटनव्हिलला राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांसारखंच आमचंही. नोकरीने इथे आणून टाकलं, मग मुलीची शाळा, मग घर, मग गणपती आणि दिवाळीचं मंडळ. बीव्हर लेक घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, पण सुरुवातीची काही वर्षं आम्ही ते फक्त पाहुण्यांना दाखवायला जायचो. मासेमारी सुरू झाली ती शेजारच्या आजोबांमुळे. ते निवृत्त, बायको गेल्यापासून एकटे, आणि त्यांच्याकडे एक जुनी पॉन्टून बोट, जिच्या गाद्यांच्या शिवणी उसवलेल्या आहेत. ते कॅलेंडर बघत नाहीत. आधी रेडबडची झाडं जांभळट गुलाबी होतात, पान एकही नाही, नुसती फुलं. त्यानंतर ओझार्कच्या डोंगरांतल्या उघड्या रानात डॉगवुडची पांढरी फुलं दिसायला लागतात. ती दिसली की आजोबा कुंपणापाशी येऊन म्हणतात, "पाणी साठीला आलं असेल." साठ म्हणजे फॅरनहाइट. साठ ते अडुसष्ट या दरम्यान कुठेतरी क्रॅपी खोल पाण्यातून उठून काठाकडे येतात, अंडी घालायला. वर्षातले हेच काही आठवडे असे, की ज्याला गाठ मारता येत नाही अशा माणसालाही मासे लागतात. म्हणून तर सगळे तेव्हाच जातात. आईचा प्रश्न नेमका इथेच रुतत होता.

बोटीवर दर वेळी थोडीफार तीच मंडळी असते. आजोबा सुकाणूवर. माझी मुलगी पुढच्या टोकाला, कारण तिथे दुसऱ्या कोणी बसलेलं तिला चालत नाही. बायको मागे सावलीत, पुस्तक घेऊन, पण गळाच्या दोरीवर तरंगणारा बोया हलला की सगळ्यांत आधी तीच ओरडते. गुंटूरचा एक मित्र आणि त्याची दोन मुलं. आणि आमचा नागपूरचा दोस्त, जो कांदा-लसूण सोडून बाकी सगळं शाकाहारी खातो, मासा हातात धरत नाही, पण एकही फेरी चुकवत नाही. तो म्हणतो, मी फक्त चहाच्या थर्माससाठी येतो. पहाटे आमिषाच्या दुकानातून मिनो घ्यायचे. डझनावर मिळतात, बादलीत सळसळत असतात. ह्या बोटभर माशांची शेती याच राज्यात, लोनोकच्या बाजूला, एवढी मोठी आहे की देशभर आमिषाचे मासे पुरवण्यात आर्कान्सा सगळ्यांत पुढे. दुकानातल्या बाईंना आमची मुलगी आता ओळखीची झाली आहे. त्या जाळीने मिनो मोजून घालतात आणि वर दोन-चार जास्तीचे सोडतात, आपल्याकडे भाजीवाली कोथिंबीर घालते तसे.

प्रेअरी क्रीकच्या बाजूने निघायचं, एखाद्या आडोशाच्या खाडीत शिरायचं आणि इंजिन बंद करायचं. मग बराच वेळ फक्त पाणी बोटीखाली थपथपत राहतं. एप्रिलमध्ये सकाळी गारठा असतो, बोटं आखडतात, मिनोच्या बादलीत हात घालायला जिवावर येतं. गळाला मिनो लावायची आजोबांची पद्धत वेगळी: पाठीच्या काट्याच्या जरा खालून, कणा चुकवून, म्हणजे तो पोहत राहतो. बोया सरकवून खोली बेतायची. क्रॅपीचे डोळे डोक्यावर अशा जागी आहेत की तो वरचं बघतो, वर येऊन खातो, खाली वाकत नाही. त्यामुळे आमिष त्याच्या डोक्यावरून जायला हवं. खाली गेलं की संपलं. आणि लागला की झटका द्यायचा नाही. आपल्याकडे गळाला मासा लागला की हिसका मारायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. याचं तोंड कागदी. ओठामागे एक पातळ पडदा असतो, उन्हाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. हिसका मारला की तो फाटतो आणि मासा जातो. दोरी ताणलेली ठेवायची, रॉड नुसता उचलत जायचा आणि खालून जाळी लावायची. गुंटूरच्या मित्राचा थोरला मुलगा पहिल्या दिवशी इतक्या जोराने ओढत होता की आजोबांनी त्याला शेवटी सांगितलं, आजीचा हात धरून जिना चढवतोस ना, तसा आण. त्यानंतर त्याचा एकही सुटला नाही.

हे तळं तळं नाहीच, धरण आहे. व्हाइट रिव्हर अडवून सरकारने 1960च्या दशकात बांधलेलं. आज या भागातल्या नळांना येणारं पाणी इथलंच. खाली जंगल गेलं, शेतं गेली, आणि माँटे ने नावाचं एक अख्खं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एका विक्षिप्त श्रीमंताने पर्यटकांसाठी मोठ्या हौसेने हॉटेलं उठवली होती, पुढे एक पिरॅमिड बांधायचंही त्याच्या डोक्यात होतं. पाणी उतरलं की त्याने बांधलेल्या पायऱ्या अजून वर येतात. आईला ते दाखवलं तेव्हा तिने एकच विचारलं, "लोकांना जमिनी कुठे दिल्या मग?" रायगडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला धरण म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच सुचतो. नवीन धरणात बुडालेली झाडं उभी असतात तोवर क्रॅपीची चंगळ. त्याला लाकूडफाटा लागतो, फांद्यांत लपायला. पन्नास-साठ वर्षांत ते लाकूड कुजलं. मग लोक आता मुद्दाम झाडं बुडवतात. इथे सीडर म्हणतात ती काटेरी झाडं तोडून, दगड बांधून. नाताळ संपला की इथलं मत्स्य खातं ठिकठिकाणच्या तळ्यांकाठी जागा नेमून देतं, तिथे लोक आपली सुकलेली ख्रिसमसची झाडं आणून टाकतात. ज्याला हवी त्याने न्यावीत आणि पाण्यात सोडावीत. आजोबांची स्वतःची अशी काही ठिकाणं आहेत. ती कुठे आहेत हे त्यांनी आम्हाला दाखवलं, ही मैत्रीची खूण मी मानतो, कारण स्वतःच्या मुलाला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आता आईचं. ती रेवदंड्याची. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथलं तिचं माहेर. कोळीवाडा घराच्या हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, हा आजचा सरकारी नियम. पण तिच्या लहानपणी कोणाला नियम सांगावा लागत नसे. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी घरात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नव्हतं. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि मासळी विणीला असते हे दुसरं. तिच्या आजीचं दुसऱ्या कारणावर जास्त बोट होतं. तेव्हा घरात सुकट, बोंबील, वाकट्या आणि आंबोशी. ताज्या मासळीचं नाव काढलं की आजी म्हणायची, बाळंतिणीच्या घरात जेवायला जाऊ नये.

आणि ह्याच बाईचं लग्न झालं कोलाडच्या अलीकडे, त्याच कुंडलिकेच्या काठच्या गावात. तिथे सगळं उलटं.

मिरगाचा पाऊस लागला, ओहोळ तांबडे होऊन धावायला लागले, की पहिल्या-दुसऱ्या रात्री आमच्या गावात कोणी झोपायचं नाही. वलगण लागली, असा निरोप एका पडवीतून दुसऱ्या पडवीत जायचा. नदीतली मासळी पाण्याच्या उलट दिशेने ओहोळांत, ओहोळांतून शेतांत चढायची, अंडी घालायला. बाबा डोक्यावर इरलं घेऊन, हातात पेट्रोमॅक्स, काका पाग घेऊन, आणि मागे आम्ही पोरं पिशव्या सांभाळत, गुडघाभर चिखलात. बांधाच्या मोरीपाशी पाण्याचा आवाज, त्यात माशांच्या शेपट्यांचे सपसप फटके, बत्तीच्या उजेडात क्षणभर चमकून जाणारी पाठ. काही जण तर कोयत्याच्या उलट्या बाजूने हाणायचे. शिंगट्या, वाम, मळ्ये, नावं ठाऊक नसलेले कितीतरी. पहाटे घरी येऊन ओसरीवर ढीग ओतायचा आणि वाटे घालायचे. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक मासळी भरलेली असायची. आई ते साफ करायची, शिजवायची, वाढायची. पहिल्या वर्षी तिने खाल्लं नाही, असं आत्या सांगते. दुसऱ्या वर्षी खाल्लं. त्याबद्दल ती स्वतः काही बोलत नाही.

म्हणजे मला लाभलेला वारसा दुहेरी. आजोळच्या बाजूने विणीला हात लावायचा नाही, आणि बाबांकडून विणीची रात्र म्हणजे वर्षातला सगळ्यांत मोठा सण. मी तिला हे बोलून दाखवलं. म्हटलं, इथली ही वलगणच आहे, फक्त पाऊस नाही. तर म्हणाली, "तुझ्या बाबांनी केलं म्हणून बरोबर होतं असं मी कधी म्हटलं?" बाबा आता नाहीत. त्यांच्याशी भांडता येत नाही, म्हणून ती अशी अधूनमधून माझ्याशी भांडते. मी वाटाघाटीच्या फंदात पडत नाही.

गावाकडची वलगण आता नावापुरती उरली आहे. भातावर फवारणी, ओहोळांच्या तोंडाला आडवी बांधलेली बारीक जाळी ज्यातून बोटभर पिल्लूही निसटत नाही, कुठे कुठे तर पाण्यात ब्लिचिंग पावडर. निसर्गप्रेमी मंडळी दर जूनमध्ये विनवतात की चढणीचे मासे सोडा, निदान अंडी घालून होईपर्यंत. चुलतभाऊ ते संदेश मला पाठवतो आणि पाठोपाठ रात्रीच्या माशांचा फोटोही पाठवतो.

मग इथे का चालतं? मी आजोबांना एकदा बोटीवर विचारलं. त्यांनी आधी बोयावरची नजर हलवली नाही. मग म्हणाले, मासे कमी होतात ते आपल्यामुळे नाही, पाण्यामुळे. आणि मत्स्य खात्याची माणसंही साधारण हेच सांगतात, हे मला नंतर वाचून कळलं. एक मादी हजारोंनी अंडी घालते. नर उथळ जागी तळ झाडून घरटं करतो, त्या काळात तो काळाठिक्कर पडतो, आणि अंडी फुटून पिल्लं सुटी होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, राखण करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे सगळं वसंतातल्या पाण्यावर. धरणाची पातळी चढून काठावरची झुडपं बुडाली आणि तशीच काही आठवडे राहिली, तर पिल्लांना लपायला जागा, खायला किडे, आणि दोन-तीन वर्षांनी बोटी भरभरून मासे. पातळी झपकन उतरली तर घरटी उघडी पडतात आणि ते अख्खं वर्ष वाया. म्हणून क्रॅपीची एखाद-दोन वर्षं धो धो आणि मग दुष्काळ, असं चालू असतं. त्याला माणसाच्या गळापेक्षा पाऊस आणि धरणाचे दरवाजे जास्त जबाबदार. शिवाय किमान लांबी ठरलेली, दिवसाला किती न्यायचे ते ठरलेलं. बोटीवर मोजपट्टी असते, नाक टेकवून शेपटी मिटवून मोजायचं, रेषेला शिवली नाही तर परत. म्हणजे माशाला एकदा तरी वीण करायची संधी मिळालेली असते, असा हिशेब.

हिशेब मला पटतो. आईलाही सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतला. "आकडे बरोबर असतील," ती म्हणाली, "पण राखण करणारा बाप उचलून आणायचा, हे तुला बरं वाटतं का?" मला ते बरं वाटत नाही. आणि तरी एप्रिलच्या सकाळी बोया आधी थरथरतो, मग बाजूला सरकतो, मग एकदम खाली जातो, तेव्हा माझ्या हातात जे येतं ते बाबांच्या पिशवीतल्या वळवळीसारखंच असतं, आणि त्या क्षणी बरं-वाईट काही सुचत नाही. दोन्ही खरं आहे. मी यातून मार्ग काढायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

आजोबांची नैतिकता वेगळ्या ठिकाणी अडते. गुंटूरच्या मित्राने गेल्या वर्षी गार्मिनचं लाइव्हस्कोप घेतलं. 2018 मध्ये आलेलं हे यंत्र. पाण्याखाली समोर काय चाललं आहे ते पडद्यावर चालू सिनेमासारखं दिसतं. फांद्या दिसतात, फांद्यांत उभा असलेला एकेक मासा दिसतो, आपलं आमिष त्याच्या नाकासमोर जाताना दिसतं. क्रॅपीवाल्यांत यावरून देशभर भांडणं चालू आहेत, ही मासेमारी की शिकार की व्हिडिओ गेम. आजोबांनी पहिल्यांदा पडदा पाहिला आणि तोंड फिरवलं. "त्याला घरात शिरून मारण्यासारखं आहे हे." विणीच्या घरट्यावरून मासा उचलणाऱ्या माणसाने हे म्हणावं याची मला गंमत वाटली, पण प्रत्येकाची रेघ कुठेतरी असतेच. आमचा शाकाहारी नागपूरकर मात्र त्या पडद्यासमोरून हलत नाही. "तो बघ, तो डावीकडचा येतोय, येतोय, अरे परत गेला बे!" मासा सुटला की त्यालाच सगळ्यांत जास्त आनंद होतो.

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात तळणी झाली. आजोबांचं तेल मोठ्या कढईत, गॅसच्या शेगडीवर. त्यांचे मासे मक्याच्या पिठात, मीठ-मिरीशिवाय काही नाही. गुंटूरचे आले ते लाल भडक होऊन. आईने कोकमाचं आगळ, आलं-लसूण आणि रवा. तिचं पहिलं गाऱ्हाणं हे की आजोबा विजेच्या सुरीने दोन बाजूंचे दोन तुकडे काढून बाकी सगळं फेकतात. "डोकं टाकलं, काटा टाकला, मग कालवण कशाचं करायचं, हवेचं?" तिने फेकायच्या बादलीतून गाभोळ्या वेगळ्या काढल्या तेव्हा आजोबा जवळ आले आणि वाटीत डोकावले. मला वाटलं आता नाक मुरडतील. तर ते म्हणाले, माझी आई ही अंड्यांबरोबर परतायची, सकाळच्या नाश्त्याला. मी हे लहानपणानंतर कोणाच्या हातात पाहिलं नाही. मी भाषांतर करून सांगितलं. आईने काही न बोलता एक पिशवी रव्यात घोळवली, तव्यावर टाकली आणि त्यांच्या कागदी ताटात ठेवली. त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ली. दुसरी मागितली. आई मराठीत म्हणाली, "बसून खा म्हणावं, सावकाश." ते बसले.

या सगळ्या चर्चेतून मुलीने मात्र आपला कायदा काढला आहे. मासा काळा असला, म्हणजे राखणदार नर, की तिने पकडला तर तो परत. बाकीचे कूलरमध्ये. पहिल्यांदा तिने असा एक सोडला तेव्हा आजोबांनी भुवया वर केल्या. अंगठ्याने खालचा ओठ धरून तिने तो उचलला होता, ठिपके दिसेनात इतका गडद, गळ्यापासून पोटापर्यंत शाई सांडलेली. तिने गळ काढला, पाण्यात बुडवून क्षणभर धरला, तो शेपटी मारून गेला. आजोबा म्हणाले, तो परत पोचेपर्यंत ब्लूगिल माशांनी अर्धी अंडी खाल्लेली असतात. "मग अर्धी तरी राहतात ना," ती म्हणाली. त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर त्यांनी ते दिलं नाही. आता तिच्या बाजूला काळा नर लागला की तेच आधी हात पुढे करून दोरी धरतात. स्वतःच्या गळाला लागलेले मात्र गुपचूप कूलरमध्ये जातात, झाकण हळूच लावून.

आई मे महिन्यात परत गेली. तिला मिरगाच्या आत घरी पोचायचं होतं, कौलं चाळून घ्यायची होती. मुलगी पुढच्या फेब्रुवारीत सोळा पूर्ण करेल. सोळाच्या आतल्या मुलांना इथे मासेमारीचा परवाना लागत नाही, आजवर ती माझ्या सावलीत फुकट पकडत होती. आता स्वतःचा काढायला हवा, आणि त्याच सुमारास गाडीचाही. दोन्हीचा अर्ज मी भरायचा, पैसे मी द्यायचे, यावर तिचा माझा काही वाद नाही. वाद आहे तो आधी कुठला, यावर. तिचं म्हणणं मासेमारीचा, कारण फेब्रुवारी संपला की रेडबडला फार दिवस राहत नाहीत, आणि तळ्यावर तिला आजोबा नेतातच.